मेथीची जुडी आणि महिन्याचे रोजे

रमजानचे पहिले तीन-चार रोजे पार पडले आहेत. असरच्या नमाजनंतर जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांपैकी कुठल्याही बाजारपेठेत फेरी मारली तर चित्र सारखेच दिसते. खजुराचे खोके, कलिंगडांचे ढीग, केळी, लिंबे, पुदिन्याच्या जुड्या, कढईतून निघणारी गरम भजी. मगरिबच्या अजानपर्यंतचा तास-दीड तास विक्रेत्यांना मान वर करायला फुरसत नसते. गर्दीत रोजेदार असतात, तसे मित्राकडे इफ्तारला जायचे म्हणून फळे घेणारे हिंदू बांधवही असतात.

या गजबजाटात एक गोष्ट मात्र खटकते. रोजा म्हणजे पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. दुपारचे जेवण बंद झालेल्या घरात भाजीपाल्याचा आणि किराण्याचा खर्च उतरायला हवा. बहुतेक घरांत तो चढतो. कचऱ्याची बादली एरवीपेक्षा लवकर भरते. रात्री तरावीहच्या नमाजला जाताना चौकाच्या कोपऱ्यावर साली, कागदी पेले आणि उरलेले अन्न यांचा ढीग दिसतो.

पवित्र कुरआनची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असा आदेश सूरह आराफमध्ये आहे. सूरह अनआममध्ये तर मांडवावर चढवलेल्या वेलींच्या बागा, खजुरी, शेतातली पिके, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून सांगितले आहे की, फळ आले की खा, कापणीच्या दिवशी त्यातला गरिबांचा हक्क देऊन टाका आणि काहीही वाया घालवू नका. पिकवणे, खाणे, देणे आणि न नासणे या चारही गोष्टी तिथे एकाच ठिकाणी येतात. आपण त्यातली खाण्याची तेवढी बाजू सांभाळतो.

बाकीच्या तीन बाजू सांभाळायला फार मोठी जमीन लागत नाही. घरामागची चार हात जागा, गच्चीचा कोपरा किंवा खिडकीतले दोन डबे पुरतात. आपल्या आजीच्या पिढीत याला परसबाग म्हणत आणि त्यासाठी कुणाला लेख लिहावा लागत नसे.

महिनाभराचे पीक

रमजानचा महिना चंद्रावर चालतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आपले मराठी महिनेही चंद्रावरच चालतात, पण अधिक मास घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. यंदाचा रमजान फाल्गुनात आला आहे. येत्या शकात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी तो माघात येईल. या वर्षी गुढीपाडवा आणि ईद एकाच आठवड्यात आहेत. म्हणजे आज जमिनीत टाकलेल्या बियाला दोन्ही सणांचे दिवस मिळणार आहेत.

मेथीचा आणि रमजानचा हिशेब तर फारच जुळतो. रात्रभर भिजवलेले मेथीचे दाणे पेरले की तीन-चार दिवसांत अंकुर दिसतो आणि 25 ते 30 दिवसांत भाजी खुडायला येते. आज संध्याकाळी पेरलेली मेथी ईदच्या सुमारास हाताशी येईल. लाल माठ आणि राजगिरा यांनाही साधारण तेवढाच काळ लागतो आणि फाल्गुनाचे ऊन ते मेथीपेक्षा चांगले सोसतात. आमच्या घरांत कोथिंबिरीला कोतमीर म्हणतात. तिला थोडा धीर लागतो. धने हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्या लागतात, उगवायला आठ-दहा दिवस जातात आणि कापणीला चाळीसेक. पुदिन्याला बीच लागत नाही. इफ्तारच्या चटणीसाठी आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे फुटतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका आता लावले तर चैत्र-वैशाखात मिळतील.

आणखी एक झाड प्रत्येक मुस्लिम घराच्या दारात असावे, ते म्हणजे सब्जा. इफ्तारच्या सरबतात फुगून येणारे काळे दाणे याच झाडाचे. दर्ग्यावर आणि कबरींवर आपण ज्याच्या सुगंधी डहाळ्या ठेवतो, तेही हेच. सब्जा तुळशीच्या कुळातला आहे. शेजारच्या अंगणात वृंदावनात तुळस आणि आपल्या दारात डब्यात सब्जा, या दोघी बहिणी आहेत, हे दोन्ही घरांतल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

फाल्गुनात एक काळजी घ्यावी लागते. दुपारचे ऊन कोवळ्या मेथीला भाजून काढते. जुनी ओढणी किंवा साडी चार काठ्यांना बांधून अकरा ते चार सावली केली, वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकले, तर पाणीही कमी लागते.

वुजूचे पाणी

पाण्याचा प्रश्न इथे लगेच उभा राहतो. उन्हाळा तोंडावर असताना भाजीला पाणी कुठून आणायचे?

ते आपल्या घरात रोज पाच वेळा मोरीत वाहून जाते. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वुजू म्हणतात. प्रेषित मुहंमद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. मुद्द हे ओंजळीवरून आलेले माप आहे आणि आजच्या हिशेबाने ते पाऊण लिटरच्या आतबाहेर भरते. नळ सोडून वुजू केला तर त्याच्या कितीतरी पट पाणी जाते. घरात चार नमाजी असतील आणि प्रत्येकाच्या एका वुजूला तीन लिटर लागत असतील, तर पाच वेळांचे मिळून दिवसाला 60 लिटर होतात. चार-पाच वाफ्यांच्या परसबागेला एवढे पाणी भरपूर झाले.

या पाण्यात साबण नसतो. शरीयतच्या दृष्टीनेही अडचण नाही. वुजूत वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी नापाक ठरत नाही आणि झाडांना घालता येते. घरी वुजू करताना पायाखाली एक पसरट घमेले ठेवले की काम झाले. मशिदींमध्ये तर याला आणखी वाव आहे. वुजूखान्याची नाली गटारात सोडण्याऐवजी एका टाकीत घेतली, तर मशिदीच्या आवारातली झाडे त्यावर जगतील आणि मोहल्ल्यातल्या परसबागांनाही चार बादल्या मिळतील. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, असा प्रेषितांचा उपदेश सांगितला जातो.

नदीकाठच्या आपल्या भागाला तो विशेष लागू पडतो. कुकडी, मीना, घोड या नद्या इथल्या डोंगरांतून निघतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणे आपल्या दोन तालुक्यांत आहेत. मूळचे आंबेगाव हे गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, तालुक्याला नाव त्याचेच राहिले आणि कारभार घोडेगावातून चालतो. गाव देऊन धरण झाले, तरी वरच्या आदिवासी वाड्यांमधल्या बायकांची उन्हाळ्यातली हंड्यासाठीची वणवण संपलेली नाही. कालव्याच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नळ सोडून ठेवताना ते हंडे आठवायला हवेत.

इफ्तारनंतरची बादली

आता कचऱ्याकडे वळू. केळीची साल, कलिंगडाची साल, कांद्याची टरफले, पुदिन्याचे देठ, चहाचा चोथा आणि सहरीला केलेल्या आम्लेटची अंड्याची टरफले, हे सगळे खत आहे. तळाला भोके पाडलेल्या झाकणाच्या डब्यात किंवा जुन्या माठात एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर दुप्पट जाडीचा थर वाळल्या पाल्याचा आणि मूठभर माती, असे भरत जायचे. कलिंगडाच्या साली बारीक चिरून घालाव्यात, कारण त्यांत पाणी फार असते आणि सुका पाला कमी पडला की वास सुटतो. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळले तर दोन-अडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत खत मिळते. घरी शेळ्या असतील तर त्यांच्या लेंड्या कुटून घातल्याने काम लवकर होते. रमजानचा कचरा बकरी ईदच्या सुमारास मातीत मिसळायला तयार होईल.

मांस आणि हाडे मात्र या डब्यात जाता कामा नयेत. इतर गावांत हा फक्त वासाचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो जिवाचा आहे.

जुन्नर वनविभागातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या मुरला आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रामुळे जुन्नरचे नाव देशभर माहीत झाले, पण मळ्यात राहणाऱ्यांसाठी ते कौतुकाचे कारण नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसांचे बळी गेले. बिबट्याला वस्तीजवळ आणणाऱ्या गोष्टींत भटकी कुत्री महत्त्वाची आहेत, कारण कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. आणि कुत्र्यांना वस्तीजवळ आणतो तो आपण उघड्यावर टाकलेला कचरा. रमजानमध्ये घराघरांत मटण, खिमा, पाये शिजतात आणि उष्टी हाडे रात्री बाहेर पडतात. नेमक्या याच महिन्यात आपली माणसे, मुले धरून, तरावीहहून रात्री उशिरा परततात आणि फजरच्या नमाजला अंधारात निघतात. हाडांचा डबा झाकून ठेवायचा आणि सकाळी घंटागाडीतच द्यायचा. जिथे घंटागाडी येत नाही त्या मळ्यांत घरापासून दूर खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवायचे. एवढा नियम प्रत्येक घराने पाळला तर शेजाऱ्याच्याही मुलाचे रक्षण होईल.

परसबागेची कामेही उजेडातच उरकावीत. असरनंतर पाणी घालावे किंवा फजरनंतर चांगले फटफटल्यावर. दाराशी दाट, उंच झुडपे वाढू देऊ नयेत. मेथी, माठ, मिरची, वांगी यांसारखी कमरेखालची झाडे घराजवळ आणि मांडवावरचे वेल मोकळ्या जागेत ठेवावेत.

इफ्तारच्या पंगतीतल्या पत्रावळींचाही विचार करावा. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, तरी सार्वजनिक इफ्तारमध्ये त्या अजून दिसतात. फाल्गुनात आपल्या डोंगरांवर पळस फुलतो. याच पळसाच्या पानांच्या पत्रावळी आपल्या लग्नांत, उरुसांत आणि भंडाऱ्यांत पिढ्यान्पिढ्या वापरल्या गेल्या. जेवण झाल्यावर त्या खताच्या खड्ड्यात टाकता येतात आणि डोंगरातल्या कुटुंबांच्या हाती चार पैसेही पडतात.

ज्यांना अंगण नाही

जुन्नरच्या जुन्या पेठांत घरे भिंतीला भिंत लावून आहेत. तिथे परस नाही आणि असलाच तर तो दोघा-तिघा भावांत वाटला गेला आहे. अशा घरांना गोडेतेलाचा 15 किलोचा रिकामा डबा उपयोगी पडतो. तळाला चार-पाच भोके पाडावीत, खाली विटांचे तुकडे घालावेत आणि वर माती, कुजलेले खत आणि वाळलेला पाला सारख्या प्रमाणात भरावा. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, मिरची-टोमॅटोला फूटभर तरी हवी. गच्चीवर डबे ठेवताना ते भिंतींच्या वर, कडेने ठेवावेत, मध्यावर भार टाकू नये. रोज चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

या बाबतीत महाराष्ट्राला एक मोठा गुरू लाभला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिले. घरचा काडीकचरा, अंगणात पडणारे ऊन आणि थोडे पाणी यांतून कुटुंबापुरते अन्न पिकवता येते, हे त्यांनी साध्या माणसांकडून करवून दाखवले. शेतीचे शास्त्र कुणाच्या परवानगीवाचून प्रत्येकाने आपल्या अंगणात तपासून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. सरकारच्या ‘उमेद’ अभियानानेही ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवून गावोगावच्या बचत गटांना या कामाला लावले. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. घरच्या चार डब्यांसाठीही तिथे जाऊन विचारायला संकोच करू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रमजानमध्ये घरातल्या बाईचा दिवस पहाटे साडेतीन-चारला सहरीच्या चुलीपासून सुरू होतो आणि रात्री भांडी आवरूनच संपतो. तीही रोजेदार असते. परसबाग म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम, असे होणार असेल तर ती न केलेली बरी. हे काम पुरुषांनी आणि मुलांनी अंगावर घ्यावे. प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्या कामात हातभार लावीत, असे हजरत आयशा (र.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. असर ते मगरिब मोबाईलमध्ये वेळ काढणाऱ्या तरुणांना वाफ्याला पाणी घालणे जड जाऊ नये.

आपल्याच मातीतली उदाहरणे

झाडे लावणे हे पुण्यकर्म मानण्याची रीत या भागाला फार जुनी आहे. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमीन दान दिल्याची नोंद आहे. करंजाची पेंड आजही शेतकरी खत म्हणून वापरतात. शिवनेरीवरची खडकात कोरलेली टाकी पावसाचे पाणी साठवण्यासाठीच आहेत. जुन्नरच्या पूर्वेचे हापूसबाग हे गाव हबशी बाग या नावावरून आले, असे सांगतात. निजामशाहीत आफ्रिकेतून आलेले हबशी सरदार इथे वावरले. मलिक अंबर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव, आणि त्याने काही काळ जुन्नर हीच निजामशाहीची राजधानी केली होती. त्या काळाची आठवण गावाने बागेच्या नावात ठेवली आहे. जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत नावाजलेला होता. तो बनवणारे कागदी मुस्लिम होते आणि टाकाऊ चिंध्या, ताग यांचा लगदा करून ते कागद काढीत. फेकण्याच्या वस्तूतून कामाची वस्तू करण्याचे कसब आपल्या मोहल्ल्यांना नवे नाही. बागवान समाजाचे तर नावच बागेवरून आले आहे.

बियाण्यासाठी शेजारच्या अकोले तालुक्याकडे पाहावे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेतून सुरुवात करून गावरान वाणांचे बियाणे जपले. त्यांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला. बाजारातल्या संकरित भाजीचे बी धरून पुन्हा लावले तर तशीच भाजी येईल याची खात्री नसते. गावरान वाणाची दोन-चार झाडे न खुडता बियाला सोडली की पुढच्या वर्षी दुकानात जावे लागत नाही. मेथीची चार रोपे फुलू द्यावीत, शेंगा वाळू द्याव्यात आणि बी कागदाच्या पुडीत ठेवावे. पुढचा रमजान माघातल्या थंडीत येणार असल्याने ही मेथी तेव्हा आणखी चांगली होईल.

आणि कामाच्या पद्धतीसाठी पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरांकडे पाहावे. तिथल्या महादेव कोळी शेतकऱ्यांत ‘पडकई’ची परंपरा आहे. उतारावर दगडांचे बांध रचायचे, माती अडवायची आणि भातासाठी लहान-लहान खाचरे तयार करायची. हे एका कुटुंबाचे काम नव्हे, म्हणून आज सगळे एकाच्या रानात राबतात आणि उद्या दुसऱ्याच्या. डिंभे परिसरात कुसुम कर्णिक आणि ‘शाश्वत’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी या पडकईचे महत्त्व ओळखून ती पुढे नेण्याचे काम केले. गावातल्या आळीतही अशी पडकई करता येईल. एका रविवारी चार घरांनी मिळून एका घराचे वाफे तयार करावेत, पुढच्या रविवारी दुसऱ्याचे. एकट्याने सुरू केलेली परसबाग पहिल्या किडीला सुटते. चार घरांची असेल तर कुणीतरी पाणी घालतेच.

मग शेतकऱ्याचे काय?

यावर एक प्रश्न हमखास येतो. नारायणगावचा टोमॅटो, सातगाव पठाराचा बटाटा, ओतूर-आळेफाट्याचा कांदा देशभर जातो. पूर्वी नाणेघाटातून माल कोकणात उतरायचा, आज माळशेज घाटातून भाजीच्या गाड्या कल्याण-मुंबईकडे उतरतात. अशा भागात घरी डब्यात मेथी लावून काय साधणार?

पोट भरण्याच्या दृष्टीने फार काही नाही, हे मान्य करावे. डाळ, तांदूळ, कांदा, बटाटा बाजारातूनच येणार. चटणीचा पुदिना, फोडणीची मिरची, आठवड्याच्या दोन पालेभाज्या आणि एखादा वेल एवढेच घरचे होईल. त्या भाज्या फवारणीशिवायच्या आणि ताज्या असतील, हा लाभ आहेच. पण महत्त्वाचा बदल विकत घेणाऱ्याच्या मनात होतो. ज्याने एक जुडी मेथीसाठी महिनाभर पाणी घातले, सावली धरली, मावा आल्यावर पाने पुसली, तो बाजारात शेतकऱ्याच्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा सगळ्यांनी आरडाओरडा केला. भाव पडून क्रेटचे क्रेट बांधावर ओतले जातात तेव्हा आपण गप्प असतो.

इस्लाममध्ये शेतीच्या उत्पन्नावरचे दान ठरलेले आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकातला दहावा हिस्सा द्यायचा आणि पाणी काढून, ओढून घातले असेल तर विसावा. पाण्यासाठीच्या कष्टाला आणि खर्चाला या हिशेबात निम्मी सूट आहे. विहिरीची मोटार रात्री-अपरात्री चालू करायला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही वजाबाकी लगेच समजेल. भाजी घेताना ती आपल्यालाही समजायला हवी.

ईदच्या आधी

ईदच्या नमाजपूर्वी प्रत्येक ऐपतदार मुसलमानाला फित्रा द्यावा लागतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या मुलामागेही, ठरलेल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत. आपल्याकडे ते गव्हाच्या मापात अर्धा साअ, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो धरतात. आता बहुतेक जण पैसेच देतात, पण माप अजून धान्याचेच आहे. सणाच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, हा त्यामागचा हेतू.

परसबागेतली भाजीही अशीच वाटली जावी. रस्सा करताना त्यात थोडे पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, असा प्रेषितांचा उपदेश आहे, आणि शेजारी कोणत्या धर्माचा हे पाहायला तिथे सांगितलेले नाही. दुधीच्या वेलाला एकदा बहर आला की एका घराला तो खाऊन संपत नाहीच. पाडव्याला शेजारून कडुनिंबाची डहाळी आणि श्रीखंड येते, ईदला आपल्याकडून शीरखुर्मा जातो. यंदा त्यासोबत एक जुडी मेथीही जाऊ द्या.

पाखरांनी चार दाणे टिपले, शेळीने वाफ्यात तोंड घातले, तर फार चिडू नये. एखाद्या मुसलमानाने झाड लावले किंवा पीक पेरले आणि त्यातून माणसाने, पशूने किंवा पक्ष्याने काही खाल्ले, तर ते त्याच्या नावे सदका, म्हणजे दान, म्हणून लिहिले जाते, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका.

आपल्यापुढे तर अजून सव्वीस दिवस आहेत. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीचे दाणे आज सहरीच्या वेळी पाण्यात टाका. संध्याकाळी असरची नमाज झाली की पेरा, आणि त्यावर पहिले पाणी वुजूचे घाला.